परीक्षा कुणाची घ्यायची?

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये नवाहो राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवरून काढायला लावलं. कारण एकच : त्याला नवाहो भाषा अस्खलित येत नव्हती. मतदान दोन आठवड्यांच्या आत येऊन ठेपलं होतं, मतपत्रिका छापून झाल्या होत्या, आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीत सतरा उमेदवारांतून हा माणूस दुसऱ्या क्रमांकाची मतं घेऊन पुढे आला होता. तरी न्यायालय बधलं नाही. अध्यक्षाला नवाहो अस्खलित बोलता-समजता यावी आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, असं निवडणूक कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी तेव्हा या निकालाच्या बाजूने होते. नुसती बाजूने नव्हे, भेटेल त्याला कौतुकाने सांगत होते, की बघा, तीन लाखांच्या आतबाहेरची माणसं, पण कणा आहे! आज मी त्या निकालाच्या बाजूने नाही. मत एका झटक्यात फिरलं नाही, आणि कुणी मला वादात गप्प केलं म्हणूनही नाही. ते कसं फिरत गेलं हे लिहावंसं वाटतं, कारण तेव्हा जी कारणं मी देत होते ती मला आजही खोटी वाटत नाहीत.

मी सोलापूरची. औषधनिर्माणशास्त्र शिकले, लग्नानंतर अमेरिकेत आले आणि बरीच वर्षं ऍरिझोनाच्या उत्तर भागात एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते आहे. कॉलेजात असताना दुकानांच्या पाट्या मराठीत लावा म्हणून निवेदनं घेऊन फिरणाऱ्या टोळीत मी होते. भाषा टिकली तर समाज टिकेल, भाषा गेली की उरते ती नुसती लोकसंख्या, हे मला तेव्हापासून पाठ होतं. परदेशात आल्यावर ते आणखी घट्ट झालं. आपली माणसं लांब राहिली की माणूस आपल्या मतांना जास्त धरून बसतो.

आणि शेजार मिळाला तो नवाहोंचा. ते स्वतःला दिने म्हणवतात. ऍरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा राखीव प्रदेश सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव हिश्श्याएवढा. त्यांचं स्वतःचं सरकार आहे, विंडो रॉकला राजधानी आहे, विधिमंडळ आहे, न्यायालयं आहेत. २०२१ मध्ये नोंदणीकृत सदस्यांची संख्या चार लाखांच्या घरात गेली आणि चेरोकींना मागे टाकून ते अमेरिकेतलं सर्वांत मोठं मूलनिवासी राष्ट्र ठरले. त्यातले निम्म्याहून अधिक लोक राखीव प्रदेशाबाहेर राहतात. शेजारच्या होपी आणि झुनी लोकांच्या भाषांशी त्यांच्या भाषेचं नातं नाही. तिची बरीचशी भावंडं दूर उत्तरेला, कॅनडा आणि अलास्कात आहेत. भाषा मोठी कडक. स्वराघात चुकला की अर्थ बदलतो, आणि सगळा डोलारा क्रियापदावर उभा असतो. एखादी वस्तू कुणाला द्यायची तर ती लांबट आहे, लवचीक आहे, की भांड्यात आहे, यावर क्रियापद ठरतं. मी दोन हिवाळे वर्गाला गेले. नमस्कार-चमत्कार आणि 'गोळी जेवणानंतर घ्या' एवढ्यावर माझी गाडी अडली, ती आजतागायत.

तेव्हा २०१४ मध्ये मला प्रश्न पडलाच नव्हता. राखीव प्रदेशातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नाही. त्यांच्या अध्यक्षाने त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलायचं का? २००२ मध्ये त्यांच्या विधिमंडळाने परंपरागत दिने कायद्याला लेखी मान्यता दिली. तो कायदा ज्या कथांत आणि प्रार्थनांत सांगितलेला आहे, त्या इंग्रजीत नाहीत. मग तो राबवणाऱ्याला भाषा नको? जगातले बहुतेक देश आपल्या प्रमुखाची अशी परीक्षा घेत नाहीत, हा आक्षेप मला हास्यास्पद वाटायचा. त्यांना घ्यावी लागत नाही, म्हणून घेत नाहीत.

उमेदवाराचं नाव ख्रिस डेशेनी. नौदल अकादमीतून शिकलेला, मरीन दलात अधिकारी राहिलेला, वकील, ऍरिझोनाच्या विधिमंडळात निवडून गेलेला. भाषा शिकतो आहे, शिकत राहीन, असं तो म्हणत होता. सुनावणीपूर्वी नवाहोतून प्रश्न विचारले तेव्हा त्याने परीक्षा द्यायला नकार दिला. बाकीच्या उमेदवारांना हीच कसोटी का नाही, असा त्याचा मुद्दा होता. मला तो पळवाट वाटला. आजोबा महायुद्धातले कोड टॉकर आणि नातवाला भाषा नाही, यात मला तेव्हा त्याचीच लाज दिसली.

माझ्या मताला पहिला धक्का तिथेच बसला, पण तो पुरेसा नव्हता हेही सांगते.

कोड टॉकरांची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. १९४२ मध्ये मरीन दलाने २९ नवाहो तरुण निवडले आणि त्यांनी आपल्या भाषेवर एक सांकेतिक भाषा उभी केली. रणगाड्याला कासव, हातबॉम्बला बटाटा, पाणबुडीला लोखंडी मासा. संकेत न शिकलेल्या नवाहो माणसालाही त्यातून अर्थ लावता येत नसे. पुढे त्यांची संख्या चारशेच्या आसपास गेली आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर त्यांचे संदेश जपानी सैन्याला शेवटपर्यंत उलगडले नाहीत. १९६८ पर्यंत हे सगळं गुप्त होतं. पहिल्या २९ जणांना सुवर्णपदकं मिळाली ती २००१ मध्ये. त्यांतले शेवटचे चेस्टर नेझ २०१४ च्या जूनमध्ये वारले, निकालाच्या चार महिने आधी. त्यांचं आत्मचरित्र मी निकालानंतर वाचलं. सरकारी निवासी शाळेत नवाहो बोलल्याबद्दल त्यांचं तोंड साबणाने धुतलं जायचं. चेस्टर हे नावही शाळेनेच दिलेलं.

ज्या सरकारने तोंड धुतलं त्यालाच पुढे त्या तोंडातली भाषा लागली, ही विसंगती जो तो सांगतो. मी अडले ती दुसऱ्याच ठिकाणी. या शाळा आल्या कुठून? १८६४ मध्ये किट कार्सनच्या सैन्याने कॅन्यन डी शेच्या दरीतली पिकं जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि आठ हजारांवर नवाहोंना शेकडो मैल चालवत बॉस्के रेदोंदोच्या छावणीत नेलं. चार वर्षांत तिथे दोन हजारांवर माणसं दगावली. १ जून १८६८ च्या तहाने त्यांना आपल्या चार पवित्र डोंगरांच्या मधल्या मुलखात परत जाता आलं. अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या इतिहासात असं परतणं फार थोड्यांच्या वाट्याला आलं. पण त्याच तहाच्या सहाव्या कलमात अट होती : सहा ते सोळा वर्षांची मुलं शाळेत घालायची, तीस मुलांमागे एक शिक्षक सरकार देईल. घर परत मिळालं त्या कागदावरच मुलांची भाषा गहाण पडली होती.

तेव्हा भाषा ज्यांच्याकडून काढून घेतली, त्यांच्याच नातवंडांना 'तुम्हाला येत नाही' म्हणून दाराबाहेर उभं करायचं का? हा प्रश्न मला टोचला. पण टोचणं म्हणजे युक्तिवाद नव्हे. हानी झाली ती दुसऱ्याने केली म्हणून ती भरून काढायची जबाबदारी आपली राहत नाही, असं थोडंच आहे? मी माझ्या मतावर राहिले.

मत खरं हललं ते आकड्यांनी. मी धरून चालले होते की निवासी शाळांनी भाषा मारली. पण १९७० च्या आसपास शाळेत पहिलं पाऊल टाकणारी बहुतेक नवाहो मुलं घरून नवाहो घेऊनच येत होती. म्हणजे तीन पिढ्या छड्या आणि साबण खाऊनही भाषा घरात जिवंत होती. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बालवाड्यांची पाहणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक मुलं फक्त इंग्रजी बोलताना आढळली. वीस वर्षांत! आणि ही वीस वर्षं अत्याचाराची नव्हेत, स्वाभिमानाची. १९६६ मध्ये रफ रॉकला नवाहोंनी स्वतः चालवलेली शाळा निघाली, १९६८ मध्ये त्यांचं महाविद्यालय निघालं. भाषेचा अभिमान उघडपणे मिरवता यायला लागला आणि नेमकी तेव्हाच ती मुलांच्या तोंडून उतरली.

असं का झालं, ते आमच्या रुग्णालयात येणारी पन्नाशी-साठीची माणसं सहज सांगतात. १९३० च्या दशकात सरकारने जमिनीची धूप होते म्हणून लाखोंनी मेंढ्या-बकऱ्या कमी केल्या. कित्येक जागच्या जागी गोळ्या घालून मारल्या. मेंढ्या बायकांच्या मालकीच्या होत्या. आजीबरोबर दिवसभर कळपामागे फिरणं हीच पोरांची भाषेची शाळा होती; कळप गेला तशी ती ओस पडत गेली. १९५० च्या एका कायद्याने रस्ते आणि शाळांना पैसा आला. बाप खाणीत नाहीतर रेल्वेवर मजुरीला, आई तालुक्याच्या गावी नोकरीला, मूल शाळेच्या बसमध्ये, संध्याकाळी टीव्ही. कळपांनंतरच्या या बदलात कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. आणि ज्यांनी शाळेत मार खाल्ला होता ते आईबाप पोरांशी मुद्दाम इंग्रजी बोलले, कारण आपला मार पोरांना बसू नये. मारून जी भाषा मेली नाही, ती काम न उरल्याने आटायला लागली.

हे नीट कळलं तेव्हा माझ्या वाक्याचा क्रमच उलटा झाला. भाषेमुळे समाज टिकतो, असं मी म्हणत होते. इथे तर दिसत होतं की आजी, कळप, घर, नाती असा समाजाचा गोतावळा एकत्र होता म्हणून भाषा टिकली होती.

नाती म्हणजे काय, ते मी औषधाच्या खिडकीत पाहिलं. ऐंशीच्या घरातली एक आजी, मखमली ब्लाउज, मनगटात फिरोज्याचं जाड चांदीचं कडं, बरोबर विशीतली नात. आजीला रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली होती आणि मला तिचे धोके समजावून सांगायचे होते. आमची दुभाषी दिने बाई. तिने आधी स्वतःची चार कुळं सांगितली : पहिलं आईचं, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, शेवटी वडिलांच्या वडिलांचं. पहिलं कुळ ऐकताच आजीचा चेहरा खुलला. आजी आणि दुभाषी एकाच कुळातल्या निघाल्या. मग नातीची पाळी. तिला नवाहो येत नव्हती. पण ही चार कुळं तिने क्रमाने, न अडखळता सांगितली. तेवढीच भाषा तिच्याकडे होती आणि तेवढ्यावर दुभाषी तिची बहीण झाली. आजीने माझ्याकडे पाहून विचारलं, हिचं काय? मी सवयीने आडनाव सांगायला लागले तर दुभाषीने थांबवलं, 'आधी आईकडचं सांगा.' मग मी आजोळपासून सुरुवात केली.

पुढचा धडा औषधाचा. मी म्हटलं, यांना सांगा, ही गोळी जास्त झाली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुभाषी गप्प राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, 'असं तोंडावर सांगता येत नाही. बोललेलं घडतं.' नवाहो श्रद्धेत शब्दाला हे बळ आहे. समोरच्या माणसाचं वाईट बोलून दाखवणं म्हणजे ते ओढवून आणणं. आमच्याकडे तर रुग्णाला प्रत्येक धोका सांगितल्याशिवाय कागदावर सही होत नाही. या पेचावर अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात १९९५ मध्ये एक नावाजलेला लेखही आला होता. आमच्या दुभाषीने काढलेला मार्ग साधा : एक बाई होती, तिने ही गोळी चुकून दोनदा घेतली, मग तिला असं असं झालं. आजीने मान हलवली. नातीने इंग्रजीत माझ्याकडून सगळं पुन्हा विचारून घेतलं, आठवड्याची गोळ्यांची डबी भरली आणि कोणत्या दिवशी रक्त तपासायचं ते फोनवर नोंदवलं.

त्या तिघींत पूर्ण भाषा दोघींकडे होती. तिसरीकडे नव्हती म्हणून ती कमी दिने आहे, असं त्या आजीच्या स्वप्नातही आलं नसतं. माझ्या मात्र आलं असतं, त्याच्या दोन वर्षं आधी नक्की.

इथे मला स्वतःला एक आक्षेप घ्यावा लागला, आणि तो मोठा आहे. नाती चार कुळांच्या नावांवर चालतील, धर्माचं काय? नवाहोंचा धर्म बहुतांशी विधींत आहे, आणि विधी गाण्यांत. रात्री-रात्री चालणारी शेकडो गाणी. ती म्हणणारा गायक-वैद्य कित्येक वर्षं गुरूजवळ बसून शिकतो. ओळ चुकली तर विधी वाया. वाळूचं चित्र तासन्‌तास काढायचं, आजाऱ्याला त्यावर बसवायचं आणि त्याच दिवशी मोडून टाकायचं. यातलं काहीही भाषांतर करून होत नाही. चेस्टर नेझ युद्धावरून परतले तेव्हा मेलेले जपानी त्यांच्या स्वप्नात येत. घरच्यांनी त्यांच्यासाठी शत्रूच्या सावलीतून सोडवणारा विधी केला. तो करणारं तोंड जर शाळेत पुरतं धुऊन निघालं असतं, तर त्यांना कुणी सोडवलं असतं?

या आक्षेपाचं उत्तर मला एका किनाल्दात सापडलं, निदान अर्धं. मुलगी वयात आली की करतात तो चार दिवसांचा विधी. दुभाषीने तिच्या भाचीच्या किनाल्दाला बोलावलं होतं. भाची फीनिक्सला वाढलेली, नवाहो जवळजवळ शून्य. चारही दिवस पहाटे ती पूर्वेकडे धावली, रोज आदल्या दिवसापेक्षा लांब. दिवसभर मका दळला. शेवटच्या संध्याकाळी पुरुषांनी होगनबाहेर, म्हणजे पारंपरिक नवाहो घराबाहेर, गोल खड्डा खणून तापवला होता. त्यातले निखारे काढून, मक्याच्या पानांचं अस्तर लावून, बायकांनी त्यात बादल्यांनी पीठ ओतलं. वर पुन्हा पानं, माती, आणि मातीवर रात्रभर आग. आत गायक आणि त्याचे सोबती पहाटेपर्यंत गात होते. मुलगी ताठ बसून होती, डुलकी आली की मावशी कोपर मारायची. सकाळी खड्डा उघडला, भलामोठा केक कापून सगळ्यांना वाटला. मुलीने स्वतः खायचा नसतो. तिने तो एकेकाला हातात नेऊन दिला.

तिला गाण्यातला शब्द कळला नव्हता. पण विधी तिचाच होता, आणि तो पुरता झाला. गायकाला शब्द न्‌ शब्द येत होता. म्हणजे भाषा समाजात कुठेतरी पूर्ण, निर्दोष असायलाच हवी. ती प्रत्येकाच्या तोंडी तेवढीच असली पाहिजे असं मात्र नाही. उरलेलं अर्धं उत्तर माझ्याकडे नाही. गायक म्हातारे होत आहेत, २०२० च्या साथीत राखीव प्रदेशाने फार म्हातारी माणसं गमावली, आणि फीनिक्सच्या मुलांतून उद्याचा गायक निघेल का, याची मी हमी देऊ शकत नाही. एवढं मात्र दिसतं, की जो निघेल तो त्या होगनमध्ये बोलावलेल्यांतूनच निघेल.

दारावर परीक्षा घेण्याचा एक प्रयोग नवाहोंनी स्वतः करून पाहिला आहे, तो धर्माच्या बाबतीत. उत्तरेच्या यूट लोकांकडून पेयोटी या निवडुंगाचा प्रसाद घेणारा नवा पंथ आला, त्यालाच नेटिव्ह अमेरिकन चर्च म्हणतात. १९४० मध्ये नवाहो परिषदेने त्यावर बंदी घातली. हे आमच्या परंपरेत बसत नाही, हे मुख्य कारण. धाडी पडल्या, माणसं तुरुंगात गेली. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेलं तेव्हा १९५९ मध्ये निकाल लागला की अमेरिकी घटनेतलं धर्मस्वातंत्र्य नवाहो सरकारवर बंधनकारक नाही. म्हणजे परिषद जिंकली. पण पंथ वाढतच गेला, आणि १९६७ मध्ये रेमंड नाकाइ अध्यक्ष असताना परिषदेनेच बंदी उठवली. आज एकाच घरात एक भाऊ त्या चर्चचा, आई कॅथलिक, आणि आजारपणात सगळे मिळून गायक-वैद्याकडे, हे आम्हाला रुग्णालयात रोजचं आहे.

आणि 'परंपरेत बसत नाही' म्हणताना कोणती परंपरा? मेंढी आणि घोडा स्पॅनिशांकडून आले, विणकाम पुएब्लो शेजाऱ्यांकडून, चांदीची कारागिरी मेक्सिकन सोनारांकडून, तळलेली रोटी सरकारी शिध्याच्या मैद्यातून. यातली एकेक गोष्ट आज दिने म्हणून ओळखली जाते. मेंढीशिवाय नवाहो आजी डोळ्यांपुढे येत नाही. गंमत म्हणजे एवढं सगळं उसनं घेणाऱ्या या लोकांनी शब्द मात्र फार थोडे उसने घेतले. नव्या वस्तूला आपल्या क्रियापदातून नाव घडवायचं. माणसं मोकळी, भाषा जपून. मी उलटं शिकले होते.

आमच्या गावावर सॅन फ्रान्सिस्को शिखरं उभी आहेत. ती दिनेंच्या चार पवित्र पर्वतांतली पश्चिमेची. तिथल्या स्कीइंगच्या उतारांवर सांडपाणी शुद्ध करून त्याचं कृत्रिम बर्फ पसरायची परवानगी वनखात्याने दिली, तेव्हा नवाहो राष्ट्र आणि होपींसह इतर राष्ट्रं न्यायालयात गेली. ज्या डोंगरावरून औषधी आणि माती विधींसाठी आणायची, त्यावर हे पाणी? २००८ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की यामुळे कुणाला धर्म सोडावा लागत नाही, दुखावते ती केवळ भक्तांची भावना. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. आता हिवाळ्यात ते बर्फ पडतं. निदर्शनांत मी जे तरुण पाहिले, त्यांच्या घोषणा इंग्रजीत, फलक इंग्रजीत. पर्वतासाठी अटक व्हायला ते तयार होते. यांना अध्यक्ष होता येणार नाही आणि पर्वताची पर्वा नसलेल्या पण अस्खलित बोलणाऱ्याला होता येईल, हा हिशेब माझ्याने पुढे रेटवेना.

लांबलेली निवडणूक अखेर २०१५ च्या एप्रिलमध्ये झाली. जुलैत नवाहो मतदारांपुढे प्रश्न ठेवला गेला : उमेदवाराची भाषा पुरेशी आहे की नाही, हे मतदारांनी ठरवायचं का? थोड्या मताधिक्याने होकार मिळाला. अट गेली नाही, परीक्षक बदलला.

मी तिथली मतदार नाही, आणि दुसऱ्याच्या घरच्या मतदानात माझ्या मताला किंमत नाही. पण माझी दुभाषी मैत्रीण मतदार आहे आणि तिने विरोधात मत दिलं होतं. तिचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. 'तू बाहेरून बघतेस. माझ्या भाच्याला मी शिक म्हणते तेव्हा तो विचारतो, कशाला? अध्यक्षपद हे एकच काम असं होतं जिथे नवाहो नसेल तर चालत नव्हतं. तेही तुम्ही काढून घेतलंत.' काम नाही म्हणून भाषा आटली, हे मीच तर वर सांगितलं. मग असलेलं एक काम काढून घेण्याच्या बाजूने मी कशी?

तिला दिलेलं माझं उत्तर असं. एका माणसाच्या खुर्चीवर लावलेली अट भाषेला काम देत नाही, ती एका उमेदवाराला घरी पाठवते. काम द्यायचं तर ज्यांच्या हातात पगार आहे त्यांनी द्यावं. फोर्ट डिफायन्सला १९८६ मध्ये नवाहो माध्यमाचे वर्ग सुरू झाले. ती मुलं पुढे इंग्रजीतही मागे पडली नाहीत. विंडो रॉकचं रेडिओ केंद्र बास्केटबॉलचं धावतं वर्णन नवाहोतून करत आलं आहे, त्यासाठी निवेदक लागतो आणि त्याला पगार मिळतो. २०१३ मध्ये 'स्टार वॉर्स' नवाहोत आला तेव्हा आवाज द्यायला माणसं शोधावी लागली आणि आजी-नातवंडं एका बाकावर बसून तो पाहायला गेली. शाळा, न्यायालय, दवाखाना, रेडिओ यांची परीक्षा घ्या; त्यांना नवाहो येते का ते विचारा. अडखळत बोलणाऱ्या पोराला हसू नका, कारण हसलेलं पोर पुन्हा तोंड उघडत नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळातही मी हल्ली हेच म्हणते, आणि तिथेही सगळ्यांना पटतं असं नाही.

तिला ते पटलं नाही. दोन्ही करा, म्हणते. संस्थांकडूनही मागा आणि माणसाकडूनही.

आमच्या रुग्णालयात रात्रपाळीला नवाहो दुभाषी नसते. रात्री दोनला आलेल्या आजीला फोनवरचा आवाज शोधून द्यावा लागतो, तोही मिळाला तर. रात्रपाळीसाठी दोन पगारी जागा भराव्यात म्हणून मी अर्ज लिहिला आणि विभागात फिरवला. मैत्रिणीने वाचला, एक वाक्य दुरुस्त केलं आणि सर्वांत वर सही केली. २०१५ बद्दलचं आपलं मत यामुळे बदललं असं समजू नकोस, हे सही करता करता सांगून टाकलं.